पाचशे वर्षांचा गंज

गंज दिसला की मला हायसं वाटतं. हे वाक्य मी जेवणाच्या पंगतीत मुद्दाम टाकतो आणि समोरच्याचा चेहरा बघत बसतो. हा माणूस मोटारींच्या कंपनीतून बाहेर का पडला, ते आता कळलं, असा भाव त्यावर हमखास उमटतो. पण खरंच सांगतो. कुणी तलवार घेऊन येतं, मी मुठीतली बांबूची बारकी खुंटी ढकलून काढतो, मनगटावर हलके ठोके देऊन मूठ सैल करतो, आणि आत दडलेला लोखंडाचा भाग जुन्या चामड्यासारखा काळा, मऊसर निघाला की माझा जीव भांड्यात पडतो. तोच भाग लालभडक, भुसभुशीत निघाला की मी समोरच्या माणसापुढे आधी खुर्ची सरकवतो, कारण पुढच्या पाच मिनिटांत त्याला वाईट बातमी द्यायची असते.

थोडक्यात, मी जुन्या जपानी तलवारी पारखतो. म्युनिकमध्ये राहतो. आडनाव पाटणकर. या तीन गोष्टी एका दमात ऐकल्या की जर्मन माणूस एकदा माझ्याकडे बघतो, एकदा तलवारीकडे बघतो आणि जपानी गृहस्थ कधी येणार आहेत, असं नम्रपणे विचारतो.

पुण्याला धातुशास्त्र शिकलो, इथे येऊन बारा वर्षं गाड्यांचे तुटलेले भाग का तुटले हे शोधलं, आणि एका लिलावघरानं एकदा एक जुनं पातं तपासायला पाठवलं तिथून वाहवत गेलो. तो सगळा प्रवास सांगत बसलो तर दिवाळी अंक होळीला निघेल. कामाचं मर्म मात्र सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

तलवारीचं सगळं काही बदलता येतं. मूठ कुजते, नवी करतात. म्यान फुटतं, नवं करतात. पातं दर काही पिढ्यांनी नव्यानं घासून लखलखीत करतात. मालक तर बदलतातच. एकच भाग असा, की ज्याला लोहारानंतर कुणीही हात लावत नाही: मुठीच्या आत जाणारी ती पात्याची शेपटी. जपानी लोक तिला नाकागो म्हणतात. तिथे गंज हळूहळू बसतो, वर्षानुवर्षं घट्ट होतो, तांबूस, मग तपकिरी, मग काळा. दोनशे वर्षांचा गंज वेगळा दिसतो, पाचशे वर्षांचा वेगळा. लोहारानं तिथे सही कोरली असेल तर ती खोटी असू शकते, आणि बऱ्याचदा असतेच. गंज सहसा खोटं बोलत नाही. म्हणून पहिला नियम असा की पात्याला तेल लावा, पावडर लावा, पण शेपटी घासू नका. ती घासली की तलवारीचा जन्मदाखला फाडला म्हणून समजा.

या धंद्यात धाकधूक सोबतीलाच असते. उघड्या पात्यावर बोट टेकलं, की दोन दिवसांनी तिथे बोटाचा ठसा गंजून वर येतो. पात्यावर वाकून बोललं, की थुंकीचे शिंतोडे उडून ठिपके पडतात. माझ्यासारख्या बडबड्या माणसानं दिवसाचे सहा तास तोंड मिटून बसायचं ही शिक्षा काय असते, ते माझ्या बायकोला विचारा. शुभदा म्हणते, तू तिकडे साठवलेलं सगळं घरी येऊन ओततोस. त्यातून जर्मनीत तलवार उघडी नेता येत नाही, कुलूपबंद पेटी लागते. मी ती स्कीच्या लांबड्या पेटीतून नेतो. जुलै महिन्यात, एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, चाळिशी उलटलेला भारतीय माणूस स्कीची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलाय आणि दर स्टेशनला कुलूप चाचपतोय, हे दृश्य म्युनिककरांनी बरीच वर्षं सहन केलं आहे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. रोझेनहाइमचे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी पात्यावरचा डाग दात साफ करायच्या मशिननं काढला होता आणि काम कसं सफाईदार झालंय, ते दाखवायला तलवार घेऊन आले होते. स्टुटगार्टचे एक इंजिनियर आले, ते माझ्याच जातकुळीतले. त्यांनी पोलादाचा कडकपणा मोजायला पात्यावर अकरा ठिकाणी यंत्रानं टोचलं होतं आणि सोबत रंगीत तक्ता आणला होता. तक्ता उत्तम होता. मी त्यांना म्हणालो, तुमचा तक्ता खरा आहे, तलवारही खरी होती. ‘होती’ या शब्दावर ते थांबले. मग म्हणाले, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, आणि तक्त्याची नीट घडी घालू लागले. मला तेव्हा फार हसू आलं होतं. घरी येऊन मी त्यांची नक्कल करून दाखवली. पुढच्याच शरदात माझ्यावर वेळ आली, तेव्हा मला आधी त्यांचा चेहरा आठवला.

त्या वर्षी फ्राऊ ब्रँडनर, म्हणजे ब्रँडनरबाई, माझ्याकडे आल्या. वय एक्याऐंशी. म्युनिकच्या उत्तरेला, गार्चिंगच्याही पलीकडे, रेल्वेनं पाऊण तासावरच्या एका गावात त्या एकट्या राहत. मूलबाळ नाही, नवरा गेलेला, आणि नव्या वर्षात वृद्धाश्रमात राहायला जायचं ठरलेलं. तिथे एक खोली मिळणार होती आणि खोलीत तलवार ठेवायला परवानगी नव्हती. ती त्यांच्या वडिलांची. वडील, डॉक्टर रीडल, ऐन उमेदीत हायडेलबर्गला असताना तिथे शिकणारा एक जपानी विद्यार्थी न्यूमोनियानं आजारी पडला. डॉक्टरांनी त्याला अख्खा हिवाळा स्वतःच्या घरी ठेवून बरा केला. त्या मुलाच्या वडिलांनी ही तलवार पाठवली. पुढे डॉक्टरांनी या गावात चाळीस वर्षं दवाखाना चालवला. आज त्या जागी नखं रंगवायचं दुकान आहे, आणि गावात त्यांचं नाव सांगणारं कुणी उरलेलं नाही.

गावाचं एक छोटं संग्रहालय आहे. ते तलवार घ्यायला तयार होतं. काचेच्या कपाटात ठेवू, खाली पाटी लावू, पाटीवर डॉक्टरांचं नाव घालू, असं त्यांनी कबूल केलं होतं. अट एकच. पूर्वी कुणीतरी त्यांना नकली चिलखत चिकटवलं होतं, त्यामुळे आता तलवार जुनी आणि अस्सल असल्याचा लेखी अहवाल हवा, आणि त्यावर तज्ज्ञांच्या यादीतल्या दोघांच्या सह्या हव्यात. फ्राऊ ब्रँडनर मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “श्रीयुत पाटणकर, तलवार मला लहानपणीही आवडली नाही. मला पाटी हवी आहे.”

तलवार सुरेख होती. सही नव्हती, पण बांधा, पोलादाची वीण, धारेच्या कडेनं गेलेली धुकट रेघ, सगळं साधारण पाचशे वर्षांपूर्वीचं. आणि शेपटी तर काय सांगू, खजुरासारखी काळी. मी पहिली सही करणार होतो. दुसरी सही हांबुर्गच्या लूडर्स यांची. हे आमच्या यादीतले सर्वांत वडील, सर्वांत कडक आणि जवळजवळ मुके. त्यांनी मला हे काम शिकवलं ते मुख्यतः मान हलवून. ते दहा दिवसांनी यायचे होते.

आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या सासूबाई घरी आल्या होत्या.

सासूबाई कोल्हापूरच्या. सासऱ्यांचा लेथचा छोटा कारखाना होता आणि तो सासूबाईंनी चाळीस वर्षं निम्मा चालवला. जावई मोटारींच्या कंपनीत जर्मनीला, हे त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलेलं. मी ती नोकरी सोडल्यावर गल्लीला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना पडला. शुभदाला त्यांनी फोनवर विचारलं होतं की जुनं लोखंड घेतात-देतात म्हणजे भंगाराचंच काम ना. शुभदानं ते मला हसत सांगितलं. मी हसलो नाही.

म्हणून मी फ्राऊ ब्रँडनर यांची तलवार, परवानगी नसताना, कामाच्या जागेतल्या तिजोरीतून घरी आणली. मला मोह आवरला नाही, दुसरं कारण नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कोल्हापूरच्या कारखान्यात त्या दिवशी लेथ, पाने, हातोडे, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूचे हार घालून मांडायचे. मी बैठकीत मधोमध उभा राहून नाटकी आवाजात जाहीर केलं, “आई, उद्या आपल्या घरी खरीखुरी तलवार पूजेला. पाचशे वर्षांची. माझी सगळी हत्यारं मांडा, आणि मध्ये ही.” सासूबाईंचे डोळे मोठे झाले. मी कृतकृत्य झालो.

खबरदारी घेतली नाही असं नाही. सकाळी मोजमापं घ्यायला मूठ काढलेली होती. पातं मी टोकापासून शेपटीच्या अलीकडपर्यंत मऊ फडक्यात गुंडाळलं, वर फीत बांधली आणि आईंना तीनतीनदा बजावलं. फडकं सोडायचं नाही, पात्याला बोट लावायचं नाही, कुंकू फक्त फडक्यावर वाहायचं. त्या प्रत्येक वेळी “बरं” म्हणाल्या. मग मी एक संग्रह बघायला रोझेनहाइमला गेलो. शुभदा ऑफिसला गेली.

संध्याकाळी साडेपाचला घरी आलो. देवापुढे पाट, पाटावर माझं भिंग, कॅलिपर, बारकी हातोडी, सगळं चकचकीत. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकापुढे झेंडू. मधोमध तलवार. फडकं तसंच, फीत तशीच, गाठसुद्धा माझीच. आणि फडक्याच्या बाहेर आलेली वीतभर शेपटी नव्या चमच्यासारखी पांढरी.

आई मागून आल्या. चेहऱ्यावर समाधान. म्हणाल्या, “जावईबापू, बाकी सगळं ठीक होतं बघा, पण ते शेपूट लई गंजलं होतं. गंजलेलं हत्यार देवापुढं ठेवत नाहीत. चिंचेच्या कोळात भिजवून ठेवलं, मग तारेच्या घासणीनं घासलं. फडक्याला हात लावला नाही हं.”

त्यांनी माझं अक्षरशः ऐकलं होतं. पात्याला हात लावू नका, एवढंच मी बोललो होतो. शेपटीबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो, कारण तिला कुणी हात लावेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी ज्या लोकांमध्ये वावरतो ते गंजाला देव मानतात. माझ्या घरची माणसं गंज काढून मग देवापुढे ठेवतात, हे जगात मला सोडून आणखी कुणाला आधी सुचायला हवं होतं?

मी म्हणालो, “छान झालंय, आई.” आणि आंघोळीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचे तीन दिवस मी एकच हिशोब पुन्हा पुन्हा मांडत होतो. घासलेल्या शेपटीचा आमच्या धंद्यात एकच अर्थ घेतात: लबाडी. कुणीतरी सही खरवडली असेल, किंवा जुन्या तलवारीची शेपटी कापून नव्या पात्याला जोडली असेल आणि सांधा लपवायला घासलं असेल. माझ्याकडे आधीचे फोटो होते. पण फोटो माझेच, अहवाल माझाच आणि तलवार माझ्याच घरात. लूडर्स बघतील, मान हलवतील, सही करणार नाहीत. संग्रहालय नाही म्हणेल. डॉक्टर रीडल यांचं नाव कुठेही लागणार नाही, आणि फ्राऊ ब्रँडनर एका खोलीत राहायला जातील.

आणि याच्यावर एक उपाय होता. तो मला माहीत होता, हीच तर पंचाईत. खोटा गंज ओळखणं हे माझं काम. लोक तो कसा चढवतात, कुठे चुकतात, कशावरून पकडले जातात, हे मला तोंडपाठ. म्हणजे न चुकता कसा चढवायचा, हेही आलंच. तीन बाटल्या, थोडी ऊब, आठवडाभर वेळ. आणि मी स्वतःची समजूत काढत होतो की यात खोटं काय आहे? तलवार खरी, वय खरं, गंज खरा होताच. जे होतं तेच मी परत ठेवतोय. शुभदाला मी हे समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “आईला काही सांगू नकोस, एवढंच कर. बाकी तुझं तू बघ.” तिनं ‘गंज चढव’ म्हटलं नाही आणि ‘चढवू नको’ असंही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी बाल्कनीत बसून एका लोखंडी पट्टीवर प्रयोग करत होतो. पहिलाच थर असा झकास बसला होता की मला स्वतःचा अभिमान वाटला. तेवढ्यात आई कपडे वाळत घालायला आल्या. त्यांनी पट्टी बघितली, बाटल्या बघितल्या, ब्रश बघितला. लेथवर चाळीस वर्षं काढलेल्या बाईला आणखी काय सांगावं लागतं?

“लोखंड गंजवताय?” त्यांनी विचारलं.

मी ब्रश पाठीमागे लपवला.

“आमच्याकडं गंज काढून घ्यायला लोक यायचे. तुम्ही चढवायला बसलाय.” मग त्यांनी बादली खाली ठेवली. “त्या शेपटाचं काय झालं, खरं सांगा.”

मी खरं सांगितलं. गंज म्हणजे काय, पाटी म्हणजे काय, लूडर्स कधी येणार, सगळं. आई खुर्चीवर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मी घाईनं म्हणालो की चूक माझी आहे, मी नीट सांगायला हवं होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

“त्या बाईंना सांगितलंत?”

“नाही अजून.”

“तडा गेलेला शाफ्ट आमच्या एका कारागिरानं एकदा ग्रीस फासून पाठवला होता. ह्यांनी स्वतः ट्रक गाठून परत आणला. त्या गिऱ्हाइकानं परत काम दिलं नाही, ते नाही दिलं.” त्या उठल्या. “त्या बाटल्या बंद करा. मी येते तुमच्याबरोबर. माझ्या हातनं झालंय, मी सांगते.”

मी म्हणालो, आई, तुम्हाला जर्मन येत नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला येतं की, मग एवढे दिवस का सांगितलं नाही?

दुसऱ्या दिवशी स्कीची पेटी, मी आणि नऊवारीवर माझं हिवाळी जाकीट चढवलेल्या सासूबाई रेल्वेनं निघालो. फ्राऊ ब्रँडनर यांनी कॉफी आणि सफरचंदाचा केक मांडला होता. मी रस्ताभर एक भाषण पाठ केलं होतं. त्याची सुरुवात ‘दुर्दैवानं’ या शब्दानं होणार होती. मी तोंड उघडायच्या आत आईंनी पिशवीतून चिंचेचा गोळा काढून टेबलावर ठेवला, शेजारी ती तारेची घासणी ठेवली, आणि हात जोडले. मला म्हणाल्या, सांगा आता.

मी सांगितलं. मध्ये आई थांबवून विचारायच्या, फडक्याचं सांगितलंत का? पूजेचं सांगितलंत? घरी आणायची परवानगी नव्हती, ते सांगितलंत? ते मी वगळलं होतं. मग तेही सांगितलं.

फ्राऊ ब्रँडनर यांनी शेपटी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. मग चिंचेचा गोळा बघितला, त्यातला एक तुकडा तोडून जिभेवर ठेवला. चेहरा आक्रसला. आई न राहवून हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

“माझ्या वडिलांची पाटी लागणार की नाही?” फ्राऊ ब्रँडनर यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, मला माहीत नाही. या धंद्यात इतकी वर्षं काढून इतकं खरं वाक्य मी क्वचितच बोललो असेन.

“मग हे सगळं त्या हांबुर्गच्या गृहस्थांना तुम्ही सांगायचं. इथे, याच टेबलावर, माझ्यासमोर. मला फोनवरून निकाल नको.” त्या रागावल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. मला दुसरा कप कॉफी विचारली नाही. आईंना मात्र उरलेला केक फॉइलमध्ये बांधून दिला.

लूडर्स आले तो दिवस पावसाळी, करडा. आई तेव्हा कोल्हापूरला पोचल्या होत्या, पण सकाळपासून दोनदा फोन करून झालं काय, असं विचारून झालं होतं. फ्राऊ ब्रँडनर खिडकीशी खुर्चीत बसल्या. त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावलेला गडद निळा पोशाख घातला होता, चर्चला जाताना घालतात तसा.

मी लूडर्सना आधी सगळं सांगितलं. चिंच, घासणी, खंडेनवमी. खंडेनवमी समजावायला मला आठ मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग त्यांनी मूठ काढली. शेपटी दिसली तेव्हा त्यांनी श्वास आत ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. एखाद्या ओळखीच्या माणसाचा अपघात बघावा तसा.

पुढची पन्नास मिनिटं तपासणी चालली. त्यांनी शेपटी भिंगाखाली बोटाच्या पेराएवढी पुढे सरकवत बघितली. सांधा आहे का, सही खरवडल्याच्या खुणा आहेत का. माझे आधीचे फोटो शेजारी ठेवून गंजानं पाडलेला एकेक खड्डा फोटोतल्या खड्ड्याशी जुळवला. हे मला सुचलंच नव्हतं. गंज गेला होता, पण त्यानं लोखंडात खाल्लेले खड्डे जागेवरच होते. मी तीन दिवस बाटल्यांचाच विचार करत बसण्याऐवजी भिंग घेऊन बसलो असतो तर ते मलाही दिसलं असतं. भीतीनं माणूस आपलंच काम विसरतो, हे मी त्या टेबलाशी बसून शिकलो. मग त्यांनी पातं उजेडाकडे धरलं, टोकापासून खाली, खालून टोकापर्यंत. फ्राऊ ब्रँडनर त्या सगळ्या वेळात त्यांच्या हातांकडे न बघता चेहऱ्याकडे बघत होत्या.

शेवटी त्यांनी तलवार खाली ठेवली आणि मला विचारलं, “काळी करायचा विचार केला होता?”

मी फ्राऊ ब्रँडनर यांच्याकडे बघितलं. हा भाग मी त्यांनाही सांगितला नव्हता.

“हो. तीन दिवस.”

“कशानं केली असती?”

मी सांगितलं. किती थर, किती ऊब, किती वेळ. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये एका ठिकाणी त्यांनी भुवई उचलली, ती कौतुकानं उचलली की कशानं, मला आजवर कळलेलं नाही.

“मी फसलो असतो,” ते म्हणाले. “कदाचित.” मग चष्मा काढून पुसला. “पातं जुनं आहे. शेपटी त्याचीच आहे. सांधा नाही, सही नव्हतीच. खड्डे फोटोशी जुळतात. मी सही करीन. अहवालात सगळं लिहा, जसं मला सांगितलंत तसं. चिंचसुद्धा.” आणि तितक्याच सपाट आवाजात पुढे म्हणाले, “पुढच्या यादीसाठी तुमचं नाव मी सुचवणार नाही. दुसऱ्याची तलवार घरी नेणारा माणूस यादीत नको.”

मी ‘हो’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या यादीत परत यायला मला तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांत माझ्याकडे जे काही आलं त्यात निम्म्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या होत्या. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं आणि लूडर्स यांचं काहीही चुकलं नाही असंही वाटतं. फ्राऊ ब्रँडनर यांनी मात्र त्या तीन दिवसांबद्दल मला कधीच काही विचारलं नाही, आणि त्यांनी विचारावं अशी इच्छा असूनही मी स्वतःहून विषय काढला नाही.

त्या दिवशी लूडर्सनी पेन काढलं, अहवालाचा शेवटचा कागद पुढे ओढला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. पाटीवर जायचं नाव अहवालात अचूक हवं, म्हणून त्यांनी विचारलं, तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव?

ते नाव त्याच कागदावर वर चार वेळा टाइप केलेलं होतं. लूडर्सना ते दिसत होतं. मलाही दिसत होतं. फ्राऊ ब्रँडनर खुर्चीत ताठ झाल्या, हात मांडीवर जुळवून ठेवले, आणि टेलिफोनवर परक्या माणसाला सांगतात तसं एकेक अक्षर सुटं करून, त्याला एकेक नाव जोडून सांगू लागल्या.

“डॉक्टर आलोइस रीडल. रिशार्डचा आर. इडाचा आय. एमिलचा ई. डोराचा डी.” तिथे त्या क्षणभर थांबल्या. लूडर्स पेन कागदावर टेकवून थांबून राहिले. “लुडविगचा एल.”